गंधबाबाचे पांढरे हात

टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये वास गेलेली दीडशे माणसं बसली होती, आणि खालून वर येणारा रबराचा उग्र दर्प त्यांतल्या बऱ्याच जणांना कळतच नव्हता. ज्यांना कळत होता ते बरोबर आलेले नातेवाईक. ते नाकाला रुमाल लावून, पण मोठ्या भक्तिभावानं बसले होते. मी तिसऱ्या रांगेत होते. एका बाजूला माझा दादा, दुसऱ्या बाजूला वहिनी.

समोर चौरंगावर गंधबाबा. अंगानं भरलेले, आवाज मधाळ, आणि दोन्ही तळहात पिठात घातल्यासारखे पांढरे. "तपानं पांढरे पडलेत," असं मागच्या रांगेतली शिंपीणबाई कुणाला तरी कुजबुजून सांगत होती.

"नाक म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं, "नाक म्हणजे दार. तुमचं दार कुणी बंद केलं? तुमच्याच दोषांनी. डॉक्टर काय करतो? दाराला बाहेरून रंग देतो. मी आतून कडी काढतो."

मग एकेकाला वर बोलावणं सुरू झालं. बाबा आधी उजवा तळहात लोकांपुढे धरत. पहिल्या रांगेतला एखादा धडधाकट नाकाचा माणूस तो हुंगून सांगे, "कसलाच वास नाही." मग डावा. "कसलाच नाही." मग बाबा तळहातावर पाण्याचे दोन थेंब घेत, डोळे मिटून हात एकमेकांवर खसाखसा चोळत आणि त्यांची ओंजळ करून समोरच्याच्या तोंडावर धरत. "ओढ श्वास, पोटापासून ओढ."

माणूस ओढायचा आणि विजेचा धक्का बसल्यासारखा मागे उडायचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आला, बाबा, आला." हॉलमध्ये टाळ्या. "जो आला तो तुझ्या नाकात साचलेला दोष," बाबा शांतपणे सांगायचे. "आता दार उघडलं."

आणि शेवटी तीन नियम. एक, आता सगळी औषधं बंद, औषधानं दार पुन्हा चिकटतं. दोन, दर महिन्याला एकदा येऊन दाराला तेलपाणी करून घ्यायचं. आणि तीन, घरी जाऊन नाकाची परीक्षा घ्यायची नाही. परीक्षा म्हणजे शंका, आणि शंका आली की कडी लागली. या तिसऱ्या नियमाबद्दल बाबांच्या डोक्याला मी मनातल्या मनात दाद दिली. असा नियम असला की दुकान कधीच बुडत नाही.

हो, मला कळलं होतं. पहिल्याच माणसाच्या वेळी, तिसऱ्या रांगेत बसून. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते. आमचं शीतगृह अमोनियावर चालतं, आणि अमोनियाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. एका हाताला नवसागर, दुसऱ्या हाताला चुना. दोन्ही वेगवेगळे ठेवले तर वास नाही. ओल्या हातांनी एकत्र चोळले की अमोनिया सुटतो. बाबांचं सगळं तप एवढंच. घरातली एकुलती एक विज्ञानाची पदवीधर म्हणून मी त्याच क्षणी उठायला हवं होतं.

मी उठले नाही. का उठले नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

दादा डेअरीत दूध तपासनीस होता. सकाळी धक्क्यावर कॅन उतरायचे, दादा झाकण उचलायचा आणि दुधाकडे न बघता आधी झाकणच नाकाशी न्यायचा. रात्रभराची वाफ झाकणाखाली साचलेली असते, दूध जे लपवतं ते झाकण सांगतं, असं तो म्हणायचा. आंबूस, गोठ्याचा, धुराचा, जुन्या तेलाचा, एकेक वास तो अर्ध्या क्षणात पकडायचा. कॅनवाले त्याला नाकसाहेब म्हणत. यंत्रं नंतर आली, पण पहिला निकाल त्याच्या नाकाचाच. या नाकावर त्यानं घर उभं केलं, मला शिकवलं, आणि याच नाकाच्या शब्दावर मला प्रयोगशाळेत जागा मिळाली.

आणि एका तापानंतर ते नाक गेलं. आठवड्यात ताप उतरला, सर्दी गेली, वास मात्र परतला नाही. दादानं घरात फक्त मला सांगितलं. वहिनींनाही नाही. दोन महिने मी रोज सकाळी नोंदी घेण्याच्या निमित्तानं त्याच्या शेजारी उभी राहायचे, तो झाकण हुंगायचा, मीही हुंगायचे, आणि दूध बिघडलेलं असलं की मी खोकायचे. धक्क्यावर सगळे म्हणायला लागले, "बाईंचा खोकला काही जात नाही."

शेवटी मी त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकेक करून सोळा वास त्याच्या नाकाखाली धरले आणि दर वेळी चार नावांतलं एक निवडायला सांगितलं. दादानं सोळांतले सात ओळखले. माझ्या डेअरीतल्या नाकसाहेबानं, सोळांतले सात. तो मान खाली घालून बसला.

"सात वाईट आहे," बाई म्हणाल्या, "नुसत्या अंदाजानंही चार येतात. पण सात म्हणजे चार नव्हे. वास जाण्याच्याही पायऱ्या असतात. कुणाचा थोडा मंदावतो, कुणाचा बराच जातो, कुणाचा पार पुसला जातो. तुमचा बराच गेलाय, पण थोडा शिल्लक आहे. शिल्लक असलेल्यांची आशा जास्त असते."

"म्हणजे परत येईल?" दादानं विचारलं.

"वचन देत नाही. तापानं गेलेला वास पुष्कळांचा आपोआप परततो, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत. तुमचे दोन महिने झाले. आता सराव करायचा. ज्यांचा रेंगाळतो, त्यांतल्या तिघांतल्या एकाला तरी सरावानं चांगला फरक पडतो. नाकात मांस वाढून गेला असता तर औषधानं, नाहीतर शस्त्रक्रियेनं आणला असता. डोक्याला मार लागून गेला असता तर मी एवढंही बोलले नसते. तुमचं मधलं आहे. पण लवकर सुरू करा आणि सोडू नका."

त्यांनी चार बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली वीस-वीस सेकंद हुंगायची, डोळे मिटून, तो वास आठवत. निदान सहा महिने. "तुम्ही करून घ्याल ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले.

तीन आठवडे केलं. बाटली नाकाशी धरायची, वीस मोजायचे, विचारायचं, "काही?" तो म्हणायचा, "काही नाही." दिवसातून सहा वेळा ते "काही नाही" ऐकणं मला नकोसं झालं. फक्त निलगिरीला तो म्हणायचा, "हां, हे काहीतरी आहे." बाकी तिन्ही बाटल्या त्याला शत्रू वाटायला लागल्या. मीही चिडायचे. एकदा मी म्हणाले, "मन लावून तरी हुंग, नुसतं नाक काय पुढे करतोस?" त्या संध्याकाळी आम्ही बाटल्या उघडल्याच नाहीत.

तेव्हा वहिनींना सगळं कळलं, आणि त्यांच्या कानावर गंधबाबा आला. त्यांनीच आम्हाला हॉलवर नेलं.

दादाचं नाव पुकारलं. तो वर गेला. बाबांनी हात चोळले, ओंजळ धरली. दादानं श्वास ओढला आणि त्याचं डोकं मागे फेकलं गेलं. मग तो तिथेच चौरंगापाशी बसला आणि रडायला लागला. मी त्याला आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. "आला गं," तो मला म्हणाला, "छोटे, आला."

तेव्हा माझ्या तोंडात शब्द होता आणि मी तो गिळला. दयेनं गिळला असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की मला उद्यापासून त्या चार बाटल्या नको होत्या. धक्क्यावर खोकणं नको होतं. बाबानं माझी सुटका केली होती, आणि फुकटात मिळालेली सुटका कोण नाकारतो?

घरी आल्यावर वहिनींनी बाटल्या उचलून कपाटावर टाकल्या. "वन्सं, आता ही औषधं नकोत, बाबांनी सांगितलंय." मी म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "आता तू प्रयोगशाळेतच थांब, मी बघतो." मी थांबले. पण खिडकीतून मला एक दिसायचं. धक्क्यावर जाण्याआधी दादा रोज शीतगृहाच्या कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी दोन मिनिटं उभा राहायचा. तिथे अमोनियाची बारीकशी गळती नेहमीचीच. आमच्याकडे सगळे जण तिथे नाक मुरडून पुढे सरकतात. दादा मुद्दाम आत डोकावून श्वास ओढायचा, त्याचे डोळे पाणावायचे, आणि तो समाधानानं मान हलवून कामाला जायचा. नाक चालू आहे, याची त्याची ही खात्री. बाबांच्या नियमात ही परीक्षा बसत नसावी, पण तीत तो रोज पास होत होता, मग कोण कशाला बोलेल? डेअरीत आम्ही सगळे तिथल्या हवेला 'अमोनियाचा वास' म्हणतो. दादाला कळत होता तो वास नव्हता, नुसता नाकाला बसणारा झणका होता. हे मला माहीत होतं आणि मी रोज खिडकीतून बघत होते.

पाच महिने गेले. अनुभवी माणूस होता, दुधाच्या रंगावरून, सायीवरून, कॅनवाल्याच्या चेहऱ्यावरून बरंच ओळखायचा. निभावलं. आणि एका सकाळी मी मोठ्या टाकीतून नमुना काढायला झाकण उघडलं आणि माझ्या नाकात फिनेल शिरलं.

नंतर कळलं, एका गवळ्यानं गोठा धुवायला आपल्या कॅनमध्ये फिनेल कालवलं होतं आणि मग नुसतं विसळून त्यात दूध भरलं होतं. आंबटपणाच्या चाचणीत ते सापडत नाही. फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखंच पांढरं दिसतं. ते नाकालाच सापडतं, आणि कुठल्याही चालत्या नाकाला लगेच. मी ओरडून पंप बंद करायला लावला. धक्क्यावरचे सगळे धावत आले. व्यवस्थापकांनी झाकणातून वाकून पाहिलं आणि झटकन मागे झाले.

"नाकसाहेब, हे काय सोडलंत?"

दादा पुढे आला. टाकीत वाकला. डोळे मिटून लांब श्वास घेतला, अगदी पूर्वीसारखा. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांना तो वास जिथे उभे होते तिथून येत होता.

"चांगलं आहे की दूध," दादा म्हणाला. "काय झालं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कॅन धुणारी बाई तोंडाला पदर लावून बाजूला झाली. दादानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. टाकी गटारात सोडली. ते दूध पिशव्यांत गेलं असतं तर सकाळी कितीतरी घरांत पोरांच्या पेल्यात गेलं असतं.

घरी तो एवढंच म्हणाला, "दार पुन्हा लागलं असेल. रविवारी बाबांकडे जाऊन येतो."

शनिवारी मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "नाकात दोन वेगळ्या तारा असतात," त्या म्हणाल्या. "एक वासाची. दुसरी झोंबण्याची, चुरचुरण्याची. कांदा चिरताना तीच डोळ्यांतून पाणी काढते. वासाची तार पार तुटलेल्या माणसालाही अमोनिया झोंबतो. निलगिरी त्याला 'काहीतरी' वाटत होती ना? तिचा गारवाही बराचसा त्याच तारेवरून जातो. त्या बाबाकडे सगळेच बरे होतात, कारण ती दुसरी तार कुणाची बिघडलेलीच नसते."

"तुम्ही उद्या याल का तिथे?"

"मी आले तर डॉक्टर जळते असं म्हणतील. तुम्ही त्यांच्यातल्या आहात." मग त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "आणि तुम्हाला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. दादा वर गेला, हात जोडून म्हणाला, "बाबा, पुन्हा बंद झालं."

"घरी परीक्षा घेतलीस," बाबा खेदानं म्हणाले. "शंकेखोराला देव तरी काय करणार?" आणि ते पाण्याची वाटी पुढे ओढू लागले.

मी उठले. भराभर चौरंगाकडे चालत गेले. "बाबा, आज माझ्या हातानं उघडू द्या," मी म्हणाले, आणि ते काही बोलायच्या आत माझे दोन्ही तळहात पहिल्या रांगेपुढे धरले. ते दोन्हीही पांढरे होते. "हुंगा. वास आहे?"

"नाही," आज पहिल्या रांगेत बसलेली शिंपीणबाई म्हणाली.

मी वाटीतलं पाणी घेतलं, हात चोळले आणि ओंजळ तिच्यापुढे धरली. ती किंचाळून मागे कलंडली आणि डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. "अगं बाई, हिच्याही हातात आहे."

"मी तप केलेलं नाही," मी म्हणाले. "एका हाताला नवसागर लावलाय, दुसऱ्या हाताला चुना. दोन्ही किराणा दुकानात मिळतात. बाबांनी आत्ता साबणानं हात धुवावेत आणि मग दार उघडून दाखवावं."

बाबांनी हात पाठीमागे घेतले. "ही बाई अपवित्र आहे," ते म्हणाले. "हिच्या सावलीनंच आज शक्ती गेली."

"पण मला खरंच वास आलाय हो," शिंपीणबाई हट्टानं म्हणाली. "झणका नव्हे. नातवाच्या केसांचा वास येतो मला."

"सर्दी होऊन किती दिवस झाले होते बाबांकडे आलात तेव्हा?"

"झाले असतील पंधराएक."

"मग तो तुमचा तुम्हीच परत आणलात. बहुतेकांचा असाच येतो. बाबा नुसते वाटेत उभे राहिले आणि हार घालून घेतला."

दोघे-तिघे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी हात धुवायला लावा." पण मला अजून एक करायचं होतं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. मी दादाला डोळे मिटायला सांगितलं. पिशवीतून बाटली काढली, ताज्या कॉफीची, आणि त्याच्या नाकाखाली धरली. पहिल्या तीन रांगांना कॉफीचा वास आला. "काही?"

"काही नाही."

मग माझे हात पुन्हा चोळून त्याच्या नाकापुढे धरले. त्याचं डोकं मागे गेलं. "आला," तो म्हणाला.

मग परत कॉफी. "काही नाही." बोलता बोलता त्यानं डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं. आमचा दादा हुशार आहे, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कॉम्प्रेसरच्या दाराशी रोज उभं राहणं त्याला त्या क्षणी आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा लाजेनं काळवंडला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

लोकांना वाटलं असेल मी म्हणेन, कालपासून. मलाही क्षणभर तसंच म्हणावंसं वाटलं.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

तो जिन्यानं खाली उतरून गेला. वहिनी त्याच्यामागे धावल्या, जाताना माझ्याकडे न बघता. वर गोंधळ सुरू होता, कुणी बाबांचे हात धरून वाटीत घालत होतं, बाबा शाप देत होते. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. माझं कौतुक करायला चार माणसं आली होती. मी त्यांना चहाही विचारला नाही.

दादा अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो बाटल्या घेऊन माझ्या खोलीत आला आणि खुर्चीवर बसला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा परीक्षा घेतली होती: सोळांतले पाच. जवळपास नुसत्या अंदाजाएवढे. आम्ही नऊ महिने सराव केला, एकही दिवस न चुकवता. आता तो नऊ ओळखतो. लिंबू येतं, लवंग येते, साबण येतो. धक्क्यावरचं काम गेलं ते गेलंच. तो आता कोठारात आहे. दूध आंबलेलं त्याला कळत नाही.

मी बाईंना विचारलं, "तेव्हाच केलं असतं तर किती आले असते?"

"कदाचित बारा. कदाचित नऊच. हे कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

हीच माझी शिक्षा. चूक किती मोठी होती, तेही मला कधी कळणार नाही.

एकदा बाटल्या बंद करताना मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, "त्या दिवशी हॉलमध्ये तू बोलली असतीस ना, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं महिनाभर. वाटेल ते बोललो असतो तुला." शेवटच्या बाटलीचं झाकण लावत तो म्हणाला, "पण दुसऱ्या महिन्यात सराव पुन्हा सुरू केला असता."

म्हणून हे लिहिलं. बाबाला मी काय शिकवणार, त्याला युक्ती माझ्याआधी माहीत होती. हॉलमधल्या दुखावलेल्या माणसांनाही दोष देत नाही. ज्याचं गेलंय तो कुठेही जाईल. मला बोलायचं आहे ते तिसऱ्या रांगेतल्या माणसाशी, ज्याला सगळं समजलं आहे आणि जो आपल्या माणसाच्या आनंदासाठी गप्प बसला आहे. तुमच्या आईची, भावाची, नवऱ्याची अशी खोटी समजूत घातली जात असेल, तर आजच सांगा. पुरावा दाखवा, हात धुवायला लावा, डोळे मिटून पुन्हा विचारा. ते रडतील, रागावतील, बोलणं टाकतील. आणि त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, कारण काही आजारांत वाट पाहण्याचीही किंमत असते आणि ती गप्प बसणाऱ्याला द्यावी लागत नाही.